शोनान किनारा: टोकियोशेजारच्या समुद्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियो-योकोहामात नोकरीनिमित्त आलेली मराठी मंडळी शनिवार-रविवारी कुठे जायचं म्हटलं की पहिलं नाव घेतात कामाकुराचं. मग भारतातून आईबाबा येतात, की पुन्हा कामाकुरा. प्रश्न मात्र दर वेळी तेच, म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवली आहेत. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: या किनाऱ्यावर यादी जितकी लांब तितका दिवस वाईट जातो.

शोनान म्हणजे नेमका कुठला भाग?

टोकियोपासून नैऋत्येला साधारण ५० किलोमीटरवर, योकोहामा मागे टाकलं की सागामी उपसागराचा किनारा लागतो. पूर्वेकडून पश्चिमेकडे हायामा, झुशी, कामाकुरा, फुजिसावा, चिगासाकी, हिरात्सुका, ओइसो हा पट्टा म्हणजे ढोबळमानानं शोनान. हे सगळं कानागावा प्रीफेक्चरमध्ये येतं.

ढोबळमानानं अशासाठी की या नावाचं शहर कागदोपत्री नाही आणि त्याची हद्द कुठवर, यावर स्थानिकांचं एकमत होत नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर १९९४ पासून 'शोनान' दिसू लागलं, पण ती प्लेट मिळते फुजिसावा, चिगासाकी, हिरात्सुका आणि पार पश्चिमेच्या ओदावाराला. कामाकुरा, झुशी आणि हायामाच्या गाड्यांवर मात्र 'योकोहामा'. म्हणजे पाहुणे ज्याला शोनान समजून फोटो काढत सुटतात ते कामाकुरा नंबरप्लेटच्या हिशेबात शोनानबाहेरच!

टोकियोहून जायचं कसं?

कामाकुराला जायचं असेल तर टोकियो स्टेशनवरून जेआरची (जपान रेल्वेची) योकोसुका लाइन. तासाभरात, हजार येनच्या आसपास तिकिटात पोहोचता. टोकियो स्टेशनवर हिचा फलाट जमिनीखाली पाचव्या पातळीवर आहे, त्यामुळे गाडी बदलायला निदान दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. टोकियोच्या पूर्वेकडच्या, भारतीय वस्तीच्या निशिकासाईहून निघणाऱ्यांनी एकूण दीड तास धरावा. योकोहामाहून जेमतेम २५ मिनिटं लागतात.

शिंजुकूहून शोनान-शिंजुकू लाइन सरळ येते, पण इथेच नवखे फसतात. याच नावाच्या काही गाड्या झुशीकडे जातात, त्या कामाकुराला थांबतात. बाकीच्या हिरात्सुका, ओदावारा अशा दिशेनं जातात, त्यांना कामाकुरा लागतच नाही. चुकीच्या गाडीत बसलात तर ओफुनाला उतरून बदला, घाबरण्यासारखं काही नाही.

थेट एनोशिमा बेट गाठायचं असेल तर शिंजुकूहून ओदाक्यू लाइन स्वस्त पडते. बहुतेक वेळा फुजिसावाला गाडी बदलावी लागते. ओदाक्यूचा एनोशिमा-कामाकुरा फ्रीपास घेतला की येणं-जाणं आणि एनोदेन या किनाऱ्यावरच्या छोट्या रेल्वेचा दिवसभराचा प्रवास एकाच तिकिटात होतो. शेवटचं स्टेशन कातासे-एनोशिमा समुद्रातल्या ड्रॅगन राजाच्या महालासारखं बांधलंय आणि आत जेलीफिशची काचेची टाकी आहे. लहान मुलं तिथून हलत नाहीत.

एका दिवसात कामाकुरा आणि एनोशिमा दोन्ही होतं का?

होतं. पण कामाकुरात मंदिरं दोन, फार तर तीन. सकाळी नऊच्या आत पोहोचा, त्सुरुगाओका हाचिमान्गू नाहीतर होकोकुजीचं बांबूचं बन यांपैकी एक निवडा, मग एनोदेननं हासेला उतरून मोठा बुद्ध आणि हासेदेरा. दुपारनंतर एनोशिमा. ओळखीतली मंडळी सात-आठ देवळांची यादी घेऊन निघतात आणि संध्याकाळी त्यांना कुठलं देऊळ कुठलं ते आठवत नाही. झेन मंदिरांची खरी आवड असेल तर किता-कामाकुराला उतरा, एंगाकुजी आणि केंचोजी शांतपणे बघा आणि एनोशिमा पुढच्या खेपेला ठेवा.

एनोदेनचं एवढं कौतुक का?

कारण ती गाडी घरांच्या परसातून जाते. फुजिसावा ते कामाकुरा फक्त १० किलोमीटर, १५ स्टेशनं आणि त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ. पहिला टप्पा १९०२ मध्ये सुरू झाला आणि १९१० मध्ये मार्ग कामाकुरापर्यंत पोहोचला. रूळ एकेरी असल्यामुळे समोरची गाडी ठरावीक ठिकाणी येईपर्यंत आपली थांबून राहते.

कोशिगोए आणि एनोशिमाच्या मधला तुकडा पुढच्या काचेपाशी उभं राहून बघा. रूळ थेट रस्त्यावर उतरतात. चार डब्यांची हिरवी-पिवळसर गाडी दुकानांच्या दारांवरून हळूहळू सरकते, पुढच्या मोटारी डावीकडे अंग चोरतात, सायकलवरची बाई पाय टेकून थांबते आणि यात कुणाला काही विशेष वाटत नाही. कोशिगोए स्टेशनचा फलाट इतका आखूड आहे की एका डब्याची दारं तिथे उघडतच नाहीत. त्याची घोषणा होते, पण लक्ष नसेल तर उतरायचं राहून जातं. त्यानंतर कामाकुराकडे जाताना गाडी एकदम समुद्राला येऊन भिडते, आणि डब्यातले सगळे उजव्या खिडक्यांकडे वळतात.

गर्दीचं मात्र काही खरं नाही. पूर्वी गाडी दर १२ मिनिटांनी असायची. मार्च २०२३ पासून ती दर १४ मिनिटांनी सुटते, कारण चढ-उतारातच वेळ जाऊन वेळापत्रक कोलमडत होतं. मे महिन्याच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांत कामाकुरा स्टेशनाबाहेर रांग लागते. त्या दिवसांत स्थानिक रहिवाशांना दाखला दाखवून रांगेशिवाय आत सोडण्याचा प्रयोगही करावा लागला. आपण सहलीला जातो ती गाडी कुणाची तरी शाळेची आणि दवाखान्याची गाडी आहे. मोठ्या बॅगा कृपया लॉकरमध्ये ठेवा.

समुद्राजवळच्या त्या रेल्वे फाटकापाशी इतके लोक कशाला उभे असतात?

कामाकुराकोको-माए स्टेशनजवळचं फाटक. 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलवरच्या ॲनिमेच्या सुरुवातीला ते दिसतं, आणि आशियाभरचे चाहते तो एक फोटो घ्यायला येतात. रस्ता अरुंद, वाहतूक चालू, आसपास राहती घरं आणि वर शाळा. रहिवासी वैतागलेत आणि त्यांचं बरोबर आहे. फोटो हवाच असेल तर रस्त्यात न उतरता घ्या आणि निघा. समुद्राचं तेच दृश्य फलाटावरच्या बाकावर बसून जास्त चांगलं दिसतं.

कामाकुराचा बुद्ध उघड्यावर का बसलाय?

मुळात तो उघड्यावर नव्हता. कोतोकुइन मंदिरातल्या या कांस्यमूर्तीचं काम १२५२ मध्ये सुरू झालं आणि तिच्यावर लाकडी सभागृह होतं. वादळांनी ते पाडलं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्सुनामीत ते वाहून गेलं असंही सांगतात. त्यानंतर ते पुन्हा कुणी बांधलं नाही. मूर्ती ११.३ मीटर उंच आणि १२१ टन वजनाची. हा शाक्यमुनी गौतम नव्हे, अमिताभ बुद्ध आहे. जपानी त्याला 'अमिदा' म्हणतात.

थोडे येन देऊन मूर्तीच्या पोटात शिरता येतं. बाहेरून जो चेहरा शांत दिसतो त्याची आतली बाजू म्हणजे ओतकामाचा जिवंत धडा आहे: थरावर थर ओतल्याच्या रेषा आणि मानेपाशी १९६०-६१ च्या दुरुस्तीत आतून लावलेलं फायबरचं अस्तर. डोकं जड, मान बारीक आणि देश भूकंपाचा, म्हणून हा आधार. उन्हाळ्यात आत भट्टी असते, पाच मिनिटांत बाहेर या.

आवारात पुढे श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जे. आर. जयवर्धने यांचं स्मारक आहे, त्याच्यावरून बहुतेक लोक तसेच पुढे जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता परिषदेत त्यांनी जपानकडून नुकसानभरपाई न मागता, वैरानं वैर शमत नाही हे धम्मपदातलं वचन सांगितलं होतं. ज्यांना पाली वचनं ऐकून माहीत आहेत त्यांनी इथे दोन मिनिटं थांबावं.

एनोशिमाला सरस्वतीचं देऊळ आहे असं ऐकलं. खरंच?

खरंच. तिचं इथलं नाव बेन्झाइतेन. बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून चीन, चीनमधून जपान असा तिचा प्रवास झाला. जपानातल्या तीन प्रमुख बेन्झाइतेनांमध्ये एनोशिमाची गणना होते. उरलेल्या दोन चिकुबुशिमा आणि इत्सुकुशिमा इथल्या. तिन्ही बेटं, तिन्ही पाण्याने वेढलेली. नदीच्या देवतेला ते शोभतंच.

देवस्थानाच्या पहिल्या टप्प्यावर, हेत्सुनोमिया या देवळाच्या बाजूला एक अष्टकोनी छोटी इमारत आहे. त्यात तिच्या दोन मूर्ती. एक हातात बिवा हे तंतुवाद्य घेतलेली, अंगावर वस्त्र नसलेली, गोरीपान. कलावंत तिच्याकडे येतात. दुसरीला आठ हात आणि त्यांत शस्त्रं. आपल्याकडच्या वीणाधारी सरस्वतीची सवय असलेल्या माणसाला ही दुसरी एकदम दुर्गेसारखी भासते. कामाकुराच्या शोगुनशाहीचा संस्थापक मिनामोतो नो योरितोमो यानं ११८२ मध्ये शत्रूच्या पाडावासाठी एनोशिमाला बेन्झाइतेनची स्थापना करवली, तेव्हा शस्त्रं असायचीच.

पुढे एदो काळात शांतता आली आणि ती संगीताची, नशिबाची, पैशाची देवता झाली. एदोचे, म्हणजे आजच्या टोकियोचे लोक, विशेषतः गाण्याबजावण्यातले, चालत यात्रेला येत. चित्रकार होकुसाईनं फुजीच्या छत्तीस दृश्यांत एनोशिमाचं चित्र काढलंय. १८६८ नंतर सरकारनं बौद्ध आणि शिंतो (जपानचा मूळ धर्म) वेगळे केले, बौद्ध देवस्थान अधिकृतरीत्या शिंतो झालं आणि समुद्राच्या तीन बहिणी-देवतांची पूजा सुरू झाली. लोक अजूनही 'बेन्तेन-सामा'च म्हणतात.

पैशाची बाजू बघायची असेल तर कामाकुरातल्या झेनिआराई बेन्तेनला जा. डोंगरातल्या बोगद्यातून आत शिरायचं, बांबूच्या टोपलीत नाणी-नोटा ठेवायच्या आणि झऱ्याच्या पाण्यात धुवायच्या. धुतलेले पैसे वाढतात अशी श्रद्धा. आपल्याकडे विद्या आणि लक्ष्मी एका घरात नांदत नाहीत म्हणतात, इथे एकीनंच दोन्ही खाती सांभाळली आहेत.

आईबाबांना एनोशिमाचा चढ झेपेल का?

वर जाताना झेपेल. १९५९ पासून इथे पैसे देऊन वापरायचे सरकते जिने आहेत, त्यांना एस्कार म्हणतात. फक्त वर जातात, खाली यायला पायऱ्या. खरी परीक्षा बेटाच्या पलीकडच्या टोकाला असते. इवाया गुहा समुद्रानं कोरलेल्या, बघण्यासारख्या आहेत, पण तिथवर उतरलं की तेवढंच चढून परत यावं लागतं आणि तिकडे सरकता जिना नाही. समुद्र शांत असेल तर चिगोगाफुचीच्या खडकांपासून पुलाच्या पायथ्यापर्यंत छोटी बोट सुटते. ती चालू आहे का हे पुलापाशीच बघून घ्या. बंद असेल तर गुडघेदुखीवाल्यांनी दीपस्तंभाच्या बागेपर्यंत जाऊन परत फिरावं.

फुजी दिसतो का?

डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, बहुतेकदा हो. इनामुरागासाकी आणि शिचिरिगाहामाहून एनोशिमाच्या मागे बर्फाचा फुजी असा दिसतो की फोटो खोटा वाटावा. जून ते ऑगस्ट त्याची आशा धरू नका.

समुद्रात पोहता येतं का?

साधारण जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेर ठरवून दिलेल्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. युइगाहामा, कातासे, झुशी इथे लाकडी तात्पुरती उपाहारगृहं उभी राहतात, कपडे बदलायची सोयही तिथेच. वाळू काळपट आहे, गोव्याच्या सोनेरी वाळूची अपेक्षा ठेवून आलात तर हिरमोड होईल. ऑगस्टच्या मध्यानंतर जेलीफिश वाढतात, मग स्थानिक लोक पाण्यात फारसे उतरत नाहीत. शिचिरिगाहामा सर्फिंगसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथला प्रवाह पोहण्यासारखा नाही.

झुशीनं २०१४ मध्ये किनाऱ्यावर दारू पिणं आणि मोठ्यानं संगीत वाजवणं बंद केलं. लहान मुलांना घेऊन जायला त्यामुळेच झुशी आम्हाला सगळ्यात बरं वाटतं.

घारींची भीती खरी आहे का?

शंभर टक्के. या किनाऱ्यावरच्या तोंबी नावाच्या घारी माणसाच्या हातातलं खाणं उचलण्यात तरबेज आहेत. त्या पाठीमागून येतात, आवाज होत नाही. तुम्ही बर्गरचा दुसरा घास घेणार तेवढ्यात कानाजवळून वारा जातो आणि हातात नुसता कागद उरतो. नखं लागून बोट कापू शकतं. जागोजागी पाट्या आहेत, त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. खायचं असेल तर छपराखाली किंवा भिंतीला पाठ लावून खा. वाळूवर चादर अंथरून पराठ्यांचा डबा उघडणं म्हणजे त्यांना आमंत्रण.

खायला काय मिळतं?

शिरासु. सार्डिन-अँचोव्हीची इवलीशी पारदर्शक पिल्लं. ढीग पाहिला की कोकणातल्या माणसाला जवळाच आठवतो, पण जवळा कोळंबीच्या कुळातला, हे मासे. भातावर कच्चे किंवा नुकतेच उकडलेले घालून देतात. कच्चे शिरासु रोज मिळत नाहीत: १ जानेवारी ते १० मार्च मासेमारी बंद असते आणि एरवीही बोट गेली नाही तर दुकानाबाहेर 'आज नाही' अशी पाटी लागते. ज्या दुकानात कच्चे शिरासु कायम असतात तिथे थोडी शंका घ्यावी. उकडलेले आम्हाला जास्त आवडतात, त्यांना चव तरी असते.

एनोशिमाच्या गल्लीत ऑक्टोपस तापल्या यंत्रात दाबून कागदासारखी पातळ कुरकुरीत चकती करतात, त्यासाठी रांग लागते. नेण्यासाठी कबुतराच्या आकाराची हातो सब्ले बिस्किटं. त्यांत लोणी आणि अंडं असतं, एवढं घरी आधी सांगा.

पूर्ण शाकाहारींचं काय?

अवघड, पण अशक्य नाही. मासे दिसत नसले तरी रस्सा बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या पाण्यावर, म्हणजे दाशीवर केलेला असतो. कामाकुरातली शोजिन र्‍योरी म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण हा खात्रीचा मार्ग, मात्र आधी जागा राखावी लागते. १२५३ मध्ये स्थापन झालेल्या केंचोजीच्या नावाशी जोडलेलं केंचिनजिरु हे भाज्या आणि तोफूचं सूप मुळात मठातलं आहे, पण बाहेरच्या हॉटेलात तेही माशाच्या पाण्यात करतात. 'दाशी कशाचं?' हा एक प्रश्न जपानीत पाठ करून जा. कामाकुराच्या कोमाची-दोरी गल्लीत खात खात चालू नका. २०१९ पासून शहराच्या नियमात ते गैर मानलं आहे. दंड नाही, पण दुकानदार बघतात.

भूकंप झाला तर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. १ सप्टेंबर १९२३ ला सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी झालेल्या मोठ्या भूकंपाचं केंद्र याच सागामी उपसागराकडे होतं. एनोशिमाच्या दक्षिणेचा खडकाळ कठडा साधारण मीटरभर वर उचलला गेला, आज लोक त्यावर बसून मासे पकडतात. त्सुनामी काही मिनिटांतच किनाऱ्यावर आली.

म्हणून रस्त्याच्या खांबांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जोराचा धक्का जाणवला की घोषणेची वाट न बघता उंचावर चालू लागा, गाडीनं नको. पाण्यात असाल आणि किनाऱ्यावर लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा हलताना दिसला तर तो त्सुनामीचा इशारा आहे. २०२० पासून देशभर हाच झेंडा ठरलाय. लाटांच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही, झेंडा दिसतो.

कामाकुरा-एनोशिमाच्या पश्चिमेला काही आहे का?

आहे, आणि परदेशी गर्दी नाही. चिगासाकीला जुलैत समुद्रदिनाच्या पहाटे हामाओरी उत्सव असतो. आसपासच्या देवळांच्या पालख्या खांद्यावर घेऊन माणसं सरळ समुद्रात शिरतात. पहाटेच्या काळोखात निघावं लागतं, पण वर्षातून एक दिवस झोप मोडायला हरकत नाही. हिरात्सुकाचा तानाबाता हा ताऱ्यांचा सण जुलैच्याच सुरुवातीला, रस्त्यांवर मोठाल्या कागदी झालरी. ओइसोला १८८५ मध्ये समुद्रस्नानाचा किनारा सुरू झाला, पुढे इतो हिरोबुमी, योशिदा शिगेरू अशा पंतप्रधानांची घरं तिथे झाली.

आपल्याकडचा कुणी इथे कधी खेळलाय का?

हो. १९६४ च्या आणि पुढे ढकलून २०२१ मध्ये झालेल्या, अशा दोन्ही टोकियो ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती एनोशिमाला झाल्या. २०२१ मध्ये नेत्रा कुमनन, विष्णू सरवणन, के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर असे चार भारतीय तिथे उतरले होते. बाकी मुंबईकरांसाठी: शेजारचं योकोहामा १९६५ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे.

राहायलाच यावं का?

कोरोनाच्या काळात घरून काम सुरू झालं तसे बरेच लोक इकडे आले. घर टोकियोपेक्षा मोठं मिळतं. ओल्या वेटसूटमध्ये, सायकलच्या बाजूला सर्फबोर्ड अडकवून अनवाणी जाणारा शेजारी मिळतो. पण रोज ऑफिसला जाणार असाल तर येऊन-जाऊन दोन-अडीच तास गाडीत. खारा वारा सायकलची साखळी, एसीचं बाहेरचं यंत्र, दाराची कडी असं सगळं खातो. पावसाळ्यात कपाटाच्या मागे बुरशी धरते, आणि भारतीय वाणसामान टोकियोतून मागवावं लागतं. घर बघायला जाल तेव्हा एजंटला आधी तिथला समुद्रसपाटीपासूनचा आकडा विचारा, भाड्याचा नंतर.